तहानलेली फांदी

बोन्साय शिकायला येणारे पहिला प्रश्न तारेच्या जाडीचा विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे: फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, आणि वेढे 45 अंशांत. मग मी विचारतो, झाडाला शेवटचं पाणी कधी घातलंत? बहुतेकांना ते आठवत नाही.

पाणी पिऊन पेशी तट्ट फुगल्या की फांदी ताठ होते आणि वाकवताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला तडकते. पाणी जरा कमी पडलं की पेशी सैलावतात, मग तीच फांदी ऐकते.

हे सगळ्यात स्वच्छ कळतं ते जेडवर. नर्सरीत या नावाने मिळणारं बारीक पानांचं झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, तिकडे हत्ती ते आवडीने खातात. पानांत आणि खोडात पाणी साठवणारं हे झाड भरल्यापोटी वाकवलं तर काकडीसारखं कट्कन मोडतं. म्हणून मी आधी त्याचं पाणी तोडतो. किती दिवस, हे कॅलेंडरला विचारू नये. मे महिन्यातल्या गच्चीवरचा हिशेब श्रावणात चालत नाही. पान चिमटीत धरावं. टणक लागलं तर थांबावं. बारीक सुरकुती दिसली, दाबल्यावर पान लवलं, की तार घ्यावी. तारेचा वेढा वळणाच्या बाहेरून येईल असं बघायचं, दोन्ही अंगठे आतून टेकवायचे आणि हळूहळू रेटायचं.

वड-पिंपरणीला एवढा उपास सोसत नाही. सकाळचं पाणी चुकवून दुपारी तार लावली तरी पुरतं; पानं माना टाकेपर्यंत ताणणं हा निव्वळ अघोरीपणा. आणि बोगनवेलीच्या जून, लाकूड झालेल्या फांदीपुढे कुठलाच उपास चालत नाही. तिचा नाद सोडावा.

काम झालं की वडाला लगेच पाणी द्यावं. जेडला नाही. वाकवताना आत बारीक चीर गेली असेल तर ओलाव्याने तिथून कुज सुरू होते, म्हणून त्याला काही दिवस सावलीत कोरडंच ठेवतो.

पुढे पावसाळ्यात फांद्या भराभर पोसतात आणि तार सालीत रुतायला लागते. तेव्हा दर आठवड्याला नजर टाकावी. रुतू लागलेली तार काहीजण पुन्हा वापरायची म्हणून उलगडत बसतात, त्यात कोवळे डोळे मोडतात. मी पक्कड घेऊन एकेक वेढा तोडतो. तार बाजारात मिळते.