आधी त्याची इच्छा, मग आपलं पाणी

माझं माहेर बारामतीचं आणि सासर इंदापूर तालुक्यातलं. दोन्हीकडच्या शेतांना नीरा डाव्या कालव्याचं पाणी मिळतं, पण सारखं मिळत नाही. बारामतीकडची शिवारं भिजवून पाणी पुढे सरकतं आणि आम्ही पडलो टेलला. आवर्तन सुटलं तरी आमच्या चारीला पाणी दिसेपर्यंत जिवात जीव नसतो. त्यामुळे आमच्या घरच्या प्रार्थनेत पाण्याचा विषय लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. जेवणाआधी पाणी, झोपताना पाणी, रविवारच्या उपासनेतही पाणीच.

या भागात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलं. बारामती त्यांचं मोठं ठाणं. माझ्या आजोबांपासून आम्ही त्याच मंडळीतले. दर रविवारी प्रभुभोजन आणि आठवड्यात एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, ही शिस्त मी लहानपणापासून पाहिली. सासरीही तीच रीत. वस्तीवर आमची चार-सहा ख्रिस्ती घरं. मी बारामतीत नर्सची नोकरी करते, पण शनिवारी एसटीने घरी यायचं आणि संध्याकाळच्या सभेला बसायचं, हे ठरलेलं.

२०१२ साली पाऊस रुसला. पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते या पट्ट्यातला माणूस विसरणार नाही. उजनी धरणाचा उपयुक्त साठा शून्याच्याही खाली गेला. गावोगाव टँकर, जागोजाग चारा छावण्या. आमची डाळिंबाची बाग आंबे बहाराला धरलेली. झाडांवर फळं सुपारीएवढी झाली होती आणि बोअर गुळण्या टाकायला लागलं होतं. मोटर थोडा वेळ चालायची, मग नुसती हवा ओढायची. बागेवर सोसायटीचं कर्ज होतं. धाकट्या दिराचं लग्न बागेच्या पैशावर ठरलेलं.

मार्चमधली एक सभा आमच्याच अंगणात झाली. मंडळीचे वडील म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्याकडे एक शंभरपानी वही असते. सभेला येणाऱ्याने आपली विनंती त्यात लिहायची आणि गुरुजींनी ती वाचून प्रार्थना करायची. त्या दिवशी वहीत एकाखाली एक तीन ओळी होत्या. पहिली आमच्या आण्णांची, म्हणजे सासऱ्यांची: बोअरचं पाणी टिकावं, बाग वाचावी. दुसरी बोरीकडे द्राक्षबाग असलेल्या पाहुण्यांची: माल उतरेपर्यंत आभाळ येऊ नये. तिसरी शेळ्यांवर पोट असलेल्या एका विधवा बाईंची: देवा, लवकर पाऊस पाड.

गुरुजींनी तिन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, वही मिटली आणि म्हणाले, “आता यातलं देवानं कुणाचं ऐकायचं?”

कुणी बोललं नाही. तिघंही तिथेच सतरंजीवर बसलेले. तिघांचीही गरज खरी होती. मग गुरुजी प्रभूच्या प्रार्थनेवर बोलले. म्हणाले, येशूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली तिचा क्रम बघा. आधी देवाचं नाव पवित्र मानलं जावं, मग त्याचं राज्य यावं, मग त्याच्या मनासारखं पृथ्वीवर घडावं. या तीन मागण्या झाल्यावर भाकरीची पाळी येते. आणि तीही माझी भाकर नव्हे, आमची. हा क्रम आपण उलटा केला की वहीतल्या ओळी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. त्या दिवशी त्यांनी वहीतली एकही विनंती खोडली नाही. फक्त ती शेवटी वाचायची, एवढंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे मला जाग आली तेव्हा आत्या, माझ्या सासूबाई, देवळीतल्या दिव्याच्या उजेडात गुडघे टेकून बसल्या होत्या. त्या निरक्षर. प्रभूची प्रार्थना त्यांना लहानपणापासून पाठ आणि ती एका दमात, थांबा न घेता म्हणायची सवय. त्या पहाटे त्या देवाच्या इच्छेपाशी आल्या आणि थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. बराच वेळ त्या तशाच, डोळे मिटून, पदराचं टोक मुठीत धरून. मग पुढचं सावकाश म्हणून उठल्या आणि चुलीपाशी बसलेल्या आण्णांना म्हणाल्या, “अहो, पाणी बागेला द्यायचं का वस्तीला, हे आपण त्याला इचारलंच नाय. आपण नुसतं बाग वाचव म्हणतोय.”

वस्तीचा प्रश्न तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर होता. टँकर कधी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा यायचा. बायका हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहायच्या. आमच्या बोअरला जे काही पाणी होतं, ते ठिबकमधून डाळिंबाच्या बुंध्याशी जात होतं. वस्तीनं आमच्याकडे ते मागितलं नव्हतं. बाग जगली तर आमचं घर जगतं, हे वस्तीलाही कळत होतं.

घरात त्या दिवशी वाद झाला आणि तो सोपा नव्हता. ह्यांचं म्हणणं होतं, बाग गेली तर सोसायटीचे हप्ते कोण भरणार? देवानं बुद्धी दिली आहे, ती वापरा. त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आण्णा दुपारभर बागेत बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी ठिबकची मेन लाइन सोडवली, पाइप वळवून रस्त्याकडेच्या टाकीत सोडला आणि वस्तीवर निरोप दिला. जनावरांसाठी हौद वेगळा ठेवला. त्या बाईंच्या शेळ्या रोज त्या हौदावर येऊ लागल्या.

बाग वाचली नाही. एप्रिलच्या उन्हात पानं वळली, फळं तडकली, उन्हाळा सरता सरता झाडं तोडावी लागली. लग्न पुढे ढकललं. कर्ज फेडायला पुढची काही वर्षं गेली. पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला, पण तो सगळ्या तालुक्यावर झाला. त्याचा संबंध मी आमच्या निर्णयाशी जोडत नाही. देवाची इच्छा पुढे ठेवली की तो दुप्पट करून परत देतो, अशी साक्ष काही सभांमधून ऐकायला मिळते. आमच्याकडे तशी साक्ष नाही. आम्हाला मिळालं ते वेगळं. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरची एकही बाई पाण्यावाचून परत गेली नाही. आपण देवाकडे जे मागत होतो, ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायला त्यानं आपल्याच हाती ठेवलं होतं, हे आम्हाला कळलं.

आण्णांना हे नवीन नसावं. साठच्या दशकाच्या शेवटी बारामती भागात दुष्काळ होता, तेव्हा चर्चच्या कासा या मदत-संस्थेकडून आलेल्या गव्हाच्या मोबदल्यात गावकऱ्यांनी श्रम करून पाझर तलाव बांधले. आण्णा तेव्हा पोरसवदा होते, पण मातीच्या पाट्या त्यांनीही उचलल्या. तलावाचं पाणी कुणाच्या विहिरीला फुटेल, हे पाट्या उचलणाऱ्याला ठाऊक नसायचं, असं ते सांगत.

देवाच्या इच्छेपुढे मान तुकवायची म्हणजे आपलं काही मागायचंच नाही, असं मात्र कुणी समजू नये. गेथशेमाने बागेत येशूनं आपलं दुःख बापापुढे लपवलं नाही. हा प्याला टळावा, असं त्यानं स्पष्ट मागितलं आणि मग निर्णय बापावर सोपवला. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, पण उत्तर मिळालं. आण्णाही बाग जाईपर्यंत पावसासाठी प्रार्थना करत होते आणि बाग तोडली तेव्हा मोठ्यानं रडले. विश्वासाला रडण्याचं वावडं नसतं.

अशा विश्वासाचं एक उदाहरण आमच्या जवळच आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पुणे-सोलापूर रेल्वेनं भिगवणकडे येताना ते स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या, त्या या केडगावला. ज्या लेकीच्या हाती हे काम सोपवायचं मनात होतं, ती मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाईंनी हातातलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. एकुलती एक लेक गेलेल्या आईनं त्या महिन्यांत देवाजवळ काय मागितलं असेल ते तिचं तिला ठाऊक. आपल्याला दिसतं ते तिचं काम.

नोकरीत मी रोज आजारी माणसं पाहते. माणूस गेला की नातेवाईक म्हणतात, देवाची मर्जी. पीक जळालं की म्हणतात, देवाची मर्जी. सगळं संपल्यावर समाधानासाठी आपण त्याची इच्छा आठवतो. धरणाचं नियोजन चुकलं, पाण्याची वाटणी चुकली, तरी तेच म्हणतो आणि माणसांची जबाबदारी देवावर ढकलतो. येशूनं ती इच्छा प्रार्थनेच्या सुरुवातीला ठेवली, निर्णय अजून आपल्या हातात असताना. तिथे ती उच्चारली की ती आपल्याला काहीतरी करायला लावते. म्हणूनच ती जड जाते.

गुरुजींची वही आजही फिरते. त्यात परीक्षा, नोकऱ्या, डायलिसिस, भावकीतले बांध, सगळं असतं, आणि ते सगळं देवापुढे ठेवलं जातं. पण आधी वही मिटलेली असते. वाचकहो, तुम्ही कुठल्याही मंडळीत प्रार्थना करत असाल, एवढं एकदा करून पाहा. आपली विनंती सांगण्याआधी थोडं थांबा आणि या बाबतीत त्याच्या मनात काय आहे ते विचारा. आपल्या शेजाऱ्याची गरज त्यात असण्याची शक्यता फार मोठी आहे.