येळवसला आत्याच्या शेतात



आपल्यापैकी कितीतरी घरांचं मूळ गाव बीदर-कलबुर्गीकडचं. पण आपल्या पिढीनं ते गाव पाहिलं ते लग्नाला, जत्रेला, फार तर उन्हाळ्याच्या सुटीत. मीही त्यातलाच. गेल्या येळवसला मात्र बंगळुरूहून रात्रीची गाडी धरली ती आत्याला भेटायला. आत्या भालकी तालुक्यात राहते. तिला स्तनाचा कर्करोग आहे आणि तो आता हाडांत पसरला आहे. फोनवर दादा म्हणाला होता, "येऊन जा. आणि येळवसलाच ये. आई शेतात जायचं म्हणायलीय."

शेतात? मला वाटलं, दादा माझी समजूत घालतोय.

बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग 2017 साली सुरू झाला, त्यामुळे बंगळुरूची गाडी आता थेट आपल्या भागातून जाते. मी कलबुर्गीलाच उतरलो, कारण दादा आत्याचं औषध न्यायला तिथं आला होता. पहाटेच्या फलाटावर एक गोष्ट नजरेत भरली. कुणाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, कुणाच्या हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. आपल्या भागातला कर्करोगाचा रुग्ण असाच फिरतो. कलबुर्गीत बंगळुरूच्या किदवाई संस्थेचं केंद्र आहे, कुणी तिथं येतो. कुणी सोलापूर, लातूर गाठतो, कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातो, कुणी हैदराबादच्या एमएनजे रुग्णालयात. चार दिशा, तीन राज्यं आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांची भाषा वेगळी.

हे असं का, ते नकाशा पाहिला की कळतं. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत जुना बीदर जिल्हा चिरला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि पुढे लातूर जिल्ह्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. शाळा आणि कचेरी कन्नडमध्ये गेली, चूल मराठीत राहिली. बाजारात दोन्ही भाषा चालतात, शिवाय दखनी आहेच. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. आजारपणात मात्र त्याची किंमत मोजावी लागते, हे मला याच प्रवासात कळलं.

कलबुर्गीहून हुमनाबादच्या रस्त्याला कमलापूर लागतं. तिथली लाल केळी प्रसिद्ध आहेत. दादानं गाडी थांबवून एक फणी घेतली. "आईला आता केळ खावंसं वाटायलंय," तो म्हणाला. दोन्ही बाजूंनी तुरीची रानं, शेंगांनी लगडलेली. पुढं हुमनाबादजवळ माणिकनगरला आम्ही माणिकप्रभूंच्या समाधीचं दर्शन घेतलं. माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचली. ज्याला जी भाषा कळते, त्याच्याशी त्या भाषेत बोलावं, ही या मातीतली जुनी रीत.

देवळाबाहेर चहा घेताना दादा मोकळा झाला. मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या रुग्णालयात त्यांना सांगितलं होतं, "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." घरी आणलं. आत्यानं स्वतः हट्ट धरला म्हणून गाणगापूरलाही नेलं. भीमा-अमरजेच्या संगमावर तिला बरं वाटलं, पण परतीच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक गचक्याला ती विव्हळत होती. मग रात्री सुरू झाल्या. आत्या उशीला टेकून बसून राहायची, वहिनी तिच्या पायाशी. दोघी झोपायच्या नाहीत. "आई मला म्हणाली, मला मरायची भीती नाही रे, पण हे दुखणं सोसवत नाही. मी काय करणार होतो?"

तपासणीला नेलं की डॉक्टर कन्नडमध्ये विचारायचे, "नोवु इदेया?" म्हणजे दुखतंय का? आत्या म्हणायची, "इदे." आहे. कागदावर इंग्रजीत 'वेदना' एवढंच लिहिलं जायचं आणि जुनीच गोळी पुन्हा मिळायची. आत्याला भाजी घेण्यापुरतं, बसमध्ये जागा मागण्यापुरतं कन्नड उत्तम येतं. पण दुखणं सांगण्यापुरतं येत नाही. ते आपल्यापैकी कुणाला परक्या भाषेत येतं?

मग कुणीतरी दादाला दुसऱ्या एका रुग्णालयातल्या 'पॅलिएटिव्ह केअर' विभागाचं नाव सांगितलं. मराठीत याला परिहार सेवा किंवा उपशामक उपचार म्हणतात. तिथं औरादकडची एक नर्स होती. तिनं खुर्ची ओढली, आत्याच्या शेजारी बसली आणि मराठीत विचारलं, "मावशी, कसं दुखतंय?"

आत्या म्हणे अर्धा तास बोलत होती. मांडीत ठणकतं. पाठीतून खाली वीज उतरल्यासारखी आग होते. पायाला मुंग्या येतात. कूस बदलली की कळ येते. पहाटे चारला सगळ्यात जास्त.

डॉक्टरांना एवढंच हवं होतं. हाडातलं ठणकणं वेगळं आणि दबलेल्या नसेची आग, चमक, मुंग्या वेगळ्या. दोन्हींची औषधं वेगळी. ठणक्यासाठी मॉर्फिन सुरू झालं, नसेच्या दुखण्यासाठी निराळी गोळी आणि मांडीच्या हाडावर एकदाच रेडिएशन दिलं, तेही रोग बरा करण्यासाठी नव्हे, फक्त वेदना कमी करण्यासाठी. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा! ठणका, कळ, चमक, सल, ठसठस, आग. यातला प्रत्येक शब्द म्हणजे डॉक्टरांसाठी एक खूण असते आणि 'इदे' या एका शब्दात त्या सगळ्या बुडून जातात.

मॉर्फिन म्हटल्यावर मीही दचकलो होतो. अफूपासून होणारं औषध, व्यसन लागेल, शुद्ध जाईल, आणि मॉर्फिन म्हणजे आता शेवटच, असं आपण ऐकलेलं असतं. दादानं विभागात हेच विचारलं होतं. त्यांनी समजावलं की वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मापानं आणि ठरल्या वेळी घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी असते. साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते. सुरुवातीला गुंगी आणि मळमळ होऊ शकते. बद्धकोष्ठता तर होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच देतात. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि मनानं माप बदलायचं नाही. अडचण निराळीच आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकानं तिच्यापासून होणारं हे औषध आपल्याच रुग्णांपर्यंत पोचेनासं झालं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली. तरीही ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच आणावं लागतं. म्हणून दादाची ही कलबुर्गीची खेप.

घरी पोचलो तेव्हा आत्या ओसरीवर बसली होती. वाळली होती, पण बसली होती. "कधी निघालास रे बाळा? जेवलास का?" तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच. दादाची मुलगी बारावीत आहे. तिनं मला एक वही दाखवली. वेळ, कुठं दुखतं, कसं दुखतं, किती दुखतं, असे चार रकाने. रुग्णालयात शून्य ते दहा यांतला आकडा विचारतात, पण आत्याला ते जमेना. तिनं स्वतःचं माप काढलं, आण्यांचं. वहीत नातीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'पहाटे 4, पाठ, आग, बारा आणे.' 'सकाळी 9, मांडी, ठणका, चार आणे.' सुरुवातीच्या पानांवर सगळीकडं सोळा आणे. ती पानं मी पुढं वाचू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गीकडं अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करतात, त्यात पांडव मांडून पूजा करतात. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. कन्नड घरं आणि मराठी घरं एकाच बांधावर जेवतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात.

विभागातल्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी आत्याला विचारलं होतं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" ती म्हणाली, "येळवसला माझ्या रानात बसायचंय." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि सगळे त्याच्या तयारीला लागले. निघण्याआधी कोणती गोळी किती वाजता द्यायची, गाडीत पाठीशी काय ठेवायचं, अचानक कळ आली तर कोणता जादा डोस, फोन कुणाला करायचा, हे सगळं ठरलेलं होतं.

आत्याला आम्ही गादीसकट गाडीत बसवलं. रानात कोपीच्या सावलीला ती तक्क्याला टेकून बसली. दोन घोट आंबील घेतली, उंड्याचा एक तुकडा खाल्ला आणि भज्जीत चिंच कमी पडली म्हणून वहिनीला ऐकवलं. वहिनी एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुपारी आत्याला कळ आली. नातीनं घड्याळ पाहिलं, गोळी दिली, वहीत लिहिलं. अर्ध्या-पाऊण तासानं आत्याचा चेहरा सैल झाला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो.

परतीची गाडी मी बीदरहून धरली. आत्याची नात मला सोडायला आली. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही महमूद गवानचा मदरसा पाहिला. 1472 सालचा, निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले. तिला मी बीदरचीच एक गोष्ट सांगितली. मदरशाच्याही आधी, 1436 ते 1458 या काळात बहमनी गादीवर अलाउद्दीन अहमदशहा होता. त्यानं या शहरात मोठं रुग्णालय बांधलं, रुग्णांच्या औषधपाण्यासाठी आणि जेवणासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं आणि हिंदू व मुसलमान दोन्ही वैद्य नेमले, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे काका, ज्याला ज्याची भाषा कळते तो वैद्य तिथं मिळत असेल." मला हे सुचलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी बरंच वाचलं. परिहार सेवेची आधुनिक सुरुवात 1967 साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी केली. शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचं दुखणं एकच असतं, असं त्या मानत. मुंबईचं शांती अवेदना सदन 1986 सालचं, देशातलं पहिलं. पुण्यात सिप्ला केंद्र आहे, बंगळुरूत करुणाश्रय. केरळमध्ये कालिकतला 1993 साली सुरू झालेल्या कामातून गावोगावचे शेजारीच स्वयंसेवक झाले. ही सेवा फक्त कर्करोगासाठी नाही. मूत्रपिंड, हृदय निकामी होणं, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, सगळ्यांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना तिची गरज असते आणि ती मिळते फक्त 14 टक्क्यांना. आणि ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. 2010 साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळाली ते सुखात तर राहिलेच, पण इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले.

म्हणून आपल्या पिढीला एक विनंती. गावाकडं कुणी गंभीर आजारी असेल तर पैसे पाठवाच, पण एवढ्यावर थांबू नका. रुग्णालयात पहिल्या महिन्यातच विचारा की इथं पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का. गावच्या आरोग्य केंद्रातही विचारा, आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत तिचा समावेश आहे. आजारी माणसाजवळ बसून त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि डॉक्टरांच्या भाषेत ते समजावून सांगा. आपल्याला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येतात. घरात हे काम आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार? आणि गेलात की दोन रात्री वहिनीला झोपू द्या.

मी हे लिहितोय तेव्हा येळवस होऊन दोन महिने झालेत. आत्या आता ओसरीवर येत नाही, जास्त वेळ झोपून असते. आम्हाला सगळ्यांना पुढचं कळतं, तिलाही कळतं. काल रात्री नातीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'रात्री 10. दोन आणे. आजी झोपली. आईपण झोपली.'