अवघड वाक्य आपल्या शब्दांत

तुमच्या घरातले एखादे पोर बारावी होऊन बदनापूरच्या किंवा परभणीच्या कृषी महाविद्यालयात गेले असेल, तर पहिल्या दोन महिन्यांतच त्याची एक तक्रार घरी आली असेल : "शब्द कळतात, पण वाक्य कळत नाही." मग घरचे लोक हौसेने मोठा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन देतात. शब्दकोश घरात जरूर असावा. पण या दुखण्याचे औषध तो नव्हे.

दहावी-बारावीचे इंग्रजी निराळे आणि वरच्या वर्गाच्या पुस्तकातले निराळे. वरच्या पुस्तकात वाक्य तीन-तीन, चार-चार ओळींचे असते. काम कोणी करायचे ते त्यात सांगितलेलेच नसते, आणि खरी अट शेपटाला बांधलेली असते. (आमच्या खात्याची मराठी परिपत्रकेही यात मागे नाहीत. "सदरहू कार्यवाही करण्यात यावी" असे वाचले की कोणी आणि कधी, हे शोधायला पुन्हा कचेरीत जावे लागते.)

एक लहान वाक्य पाहा. 'द क्रॉप शुड नॉट बी इरिगेटेड अनलेस द टॉप सॉइल इज ड्राय.' यातला प्रत्येक शब्द मुलाला येतो. पण 'नॉट' आणि 'अनलेस' असे दोन नकार एकत्र आले की त्याची गाडी चिखलात रुतते. त्याला म्हणावे, हे वाक्य झाक आणि तुझ्या सोप्या इंग्रजीत सांग. 'इफ द टॉप सॉइल इज वेट, डू नॉट इरिगेट.' वरची माती ओली असेल तर पाणी देऊ नका. झाले. याला परीक्षेत काहीही नाव असो, आपण त्याला 'आपल्या शब्दांत सांगणे' म्हणू. भाषांतर निराळे, हे निराळे. भाषांतर शब्दाला शब्द जोडून, न समजताही करता येते.

याचा पुरावा मला आमच्या शेजारच्या मुलीच्या वहीत मिळाला. ती कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कीटकशास्त्राच्या तासाला बीटी कपाशीचा विषय निघाला होता, म्हणून ती माझ्याकडे आली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने देशात प्रथमच बीटी कपाशीला परवानगी दिली. ते वाण आपल्या जालन्याच्याच महिको कंपनीचे होते. परवानगीला अटी होत्या, आणि त्यांतली एक लांबलचक इंग्रजी वाक्यांत होती. तिचा आशय असा : बीटी कपाशीच्या शेताभोवती चारी बाजूंनी 'रेफ्यूज' नावाचा साध्या कपाशीचा पट्टा असावा, आणि तो निदान पाच ओळींचा किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा असावा.

मुलीने शब्दकोश पाहून लिहिले होते, "आश्रयस्थानाचा पट्टा पेरण्यात येईल." शब्द बरोबर होते. पण मी विचारले, "समज, तुझ्या बाबांनी सकाळी बैल जुंपले आहेत. त्यांना काय सांगशील?" तिला सांगता येईना. मग आम्ही वाक्याचे तुकडे केले. करणारा कोण? शेतकरी. करायचे काय? बीटीच्या भोवती साधी कपाशी लावायची. किती? "निदान पाच ओळी," ती म्हणाली, आणि वही मिटू लागली.

"शेपूट राहिले की," मी म्हटले. 'विचएव्हर इज मोअर' हे तीन शब्द तिने सोडले होते. सोपे करताना मुले नेमके असेच शब्द गाळतात, आणि वजन तर त्यांतच असते. आम्ही हिशेबाला बसलो. चार फुटांवर सरी धरली तर पाच ओळींचा पट्टा २० फूट रुंद. एक एकराचे चौकोनी शेत साधारण २०९ फूट लांब-रुंद. त्याच्या कडेने असा पट्टा सुमारे १४ गुंठे व्यापतो, आणि २० टक्के म्हणजे फक्त ८ गुंठे. म्हणून इथे पाच ओळी धरायच्या. दहा एकरांच्या चौकोनी शेताची बाजू ६६० फूट. तिथे पाच ओळींना सुमारे ४७ गुंठे लागतात, पण २० टक्के होतात ८० गुंठे. म्हणजे तिथे पाच ओळी पुरत नाहीत! तीन शब्द सोडले तर मोठ्या शेताचा हिशेब ३३ गुंठ्यांनी चुकतो.

तिची आई भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, पण त्या साध्या कपाशीला अळी लागंल ना? मग ती मुद्दाम लावायची काऊन?"

प्रश्न मला नव्हे, लेकीला होता. ती अडखळत बोलली, पण बोलली. बीटी खाऊनही एखादी अळी तगते. तिच्या पतंगाला जोडीदारही तसाच तगलेला मिळाला, तर पुढची सगळी पिढी न मरणारी होईल. साध्या कपाशीवर मरण्याजोगे पुष्कळ पतंग तयार होतात. त्यांच्याशी जोडी जुळली की बहुतेक पिल्ले पुन्हा बीटीने मरतात. म्हणून थोडी कपाशी अळीला द्यायची. 'रेफ्यूज' चा अर्थ तिला त्या क्षणी कळला.

तुम्हांला आठवत असेल, ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियांची पिशवी येई. किती जणांनी ती लावली? कोणी टाकून दिली, कोणी नांग्या भरायला वापरली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये तिने आपल्या कपाशीचे काय केले ते सांगायला नको. कारण हे एकच नव्हते. फरदड राखल्यानेही अळीला बारमाही खाद्य मिळाले. पुढे साधे बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. पण ती अट वेळेवर, बांधावरच्या भाषेत, कारणासकट घरोघर पोचली असती तर पिशव्या इतक्या सहज फेकल्या गेल्या नसत्या, असे माझे मत आहे.

मुलांना एक भीती असते, की आपल्या शब्दांत सांगितलेले मूळ वाक्यापेक्षा लांबते. लांबू द्यावे. गीतेचे श्लोक ७००, आणि १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी ते मराठीत उलगडले तेव्हा ओव्या झाल्या सुमारे नऊ हजार. त्या ग्रंथाचे एक नावच 'भावार्थदीपिका' आहे. पारायणाला बसणाऱ्या तुम्हांला हे मी काय सांगावे!

तेव्हा मुलाला एक दोनशे पानी वही द्या. डाव्या पानावर पुस्तकातले अवघड वाक्य उतरवायचे, मग पुस्तक मिटून उजव्या पानावर सोप्या इंग्रजीत दोन-तीन लहान वाक्ये लिहायची, आणि त्याखाली मराठीत. नंतर पुस्तक उघडून 'अनलेस', 'ओन्ली', 'अ‍ॅट लीस्ट' असे काही गळाले का ते पाहायचे. रोज दोन वाक्ये पुरेत, दहा नकोत. आणि सुट्टीत घरी आला की त्यांतले एखादे त्याच्या आईला ऐकवायला सांगा. तिला इंग्रजी येत नसेल तर अधिकच बरे. तिला कळले नाही तर ती "काऊन?" म्हणेलच.