कारलं की मार्गोज?

मॉरिशसला एका मराठी घरी उतरलो होतो, तेव्हाची गोष्ट. ताईंबरोबर पोर्ट लुईच्या बाजारात गेलो. भाज्या सगळ्या ओळखीच्या, पण नावं? कारलं म्हणजे मार्गोज, भेंडी म्हणजे लालो, दोडका म्हणजे पिपांगाय. कोथिंबिरीला कोतोमिली आणि कढीपत्त्याला कारीपुले म्हणतात, हे उघडच तमिळकडून आलेलं. शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम'. त्यातला पाला पोर्तुगीज, शेवगा तमिळ! ऑक्टोपसला उरीत म्हणतात. हा शब्द मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांचा. गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली, शब्द अजून रोज तराजूत पडतो. आपल्या कोकणातली माणसं ऊसमळ्यांवर राबायला गेली, तीही हीच नावं घेऊन बाजार करू लागली.

ताईंची धाकटी आता पहिलीत जाणार. तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी ऐच्छिक विषय आहे, २०१२ पासून क्रिओलही आहे. पण घ्यायची दोन्हींतली एकच. मी अर्थातच मराठीसाठी भाषण ठोकलं. ताई हसून म्हणाल्या, "दादा, मराठीच घेणार आहोत. पण आमच्या घरात आरती मराठीत आणि भांडण क्रिओलमध्ये. आजीसुद्धा तिला क्रिओलमध्येच रागावते."

मी गप्प बसलो.

पोरीला दोन्ही का नकोत? दोन्ही तासांची वेळ एकच ठेवायची आणि मग म्हणायचं, निवडा! वर आपण इथे बसून त्यांच्या मराठीप्रेमाचे हिशेब मागणार. ताईंनी तोवर मार्गोजचा भाव पाडून घेतला होता. क्रिओलमध्येच.