गुण आणि गुण्या

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे सल्ला मागणाऱ्यांची रीघ लागते. प्राध्यापक म्हणजे शिक्षणाचा वैद्य, अशी लोकांची भाबडी समजूत असते. मी शिकवतो मराठी. पण गुणपत्रिका माझ्यापुढे अशी धरतात, की जणू मी आता नाडीच पाहणार! नव्वदीच्या पुढच्या मुलाचे काम सोपे. त्याला सल्ला नको असतो, कौतुक हवे असते. खरी पंचाईत साठ-पासष्टवाल्यांची. त्यांचे आईबाप इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, घरातला आजार सांगावा तसा आवाज खाली आणून विचारतात, "आयटीआयला घालावा का हो?"

यंदा हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्याच घरात उभा राहिला. भाच्याला बासष्ट टक्के गुण मिळाले नि त्याने फिटरचा ट्रेड घेणार म्हणून जाहीर केले.

"दादा, तू त्याला समजाव," बहीण म्हणाली. "कॉमर्सला तरी जाऊ दे. फिटरला उद्या मुलगी कोण देईल?"

सोळा वर्षांच्या मुलाच्या लग्नाची ही काळजी ऐकून मला हसू आले. पण ते मी ओठांतच ठेवले. तिची भीती खोटी नव्हती. आमच्या घरात आजोबांपासून सगळे लेखणीवर जगले. तेलाने माखलेला हात म्हणजे एक पायरी खाली, असे आमच्यात कोणी बोलत नाही. मानतात मात्र सगळे.

माझी भीती निराळी होती. दरवर्षी माझ्या वर्गात मागच्या बाकांवर काही मुले बसतात. ती मठ्ठ नसतात, वाईट तर नसतातच. दुसरे कुठे जावे हे न सुचल्यामुळे ती तिथे आलेली असतात. त्या रांगेत भाचा मला नको होता. पण तेवढ्यासाठी त्याला कारखान्याकडे लोटणे हाही न्याय नव्हे. नावडत्या बाकावरून उठवून नावडत्या व्हाइसपुढे उभे करण्यात काय मिळवले?

म्हणून आम्ही दोघे एका सरकारी आयटीआयमध्ये गेलो. मुद्दाम कामाच्या वेळी. कचेरीत फक्त माहितीपत्रक मिळते. संस्था कळते ती वर्कशॉपमध्ये. यंत्रे चालू आहेत की त्यांवर धूळ आहे, हे तिथे कोणाला विचारावे लागत नाही.

फिटरचे शिक्षण कानशीपासून सुरू होते. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा नि घासायचा. मग त्याच्यावर गुण्या टेकवून तो उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. पुढे व्हर्निअर येतो, तो मिलिमीटरचा पन्नासावा भागही दाखवतो. आमच्या परीक्षांतले ग्रेस मार्क लोखंडाला ठाऊक नाहीत.

तिथले निदेशक मोकळे गृहस्थ होते. म्हणाले, "पुस्तकाला कंटाळून येत असेल, तर येऊ नकोस. इथेही गणित आहे, त्रिकोणमिती आहे, ड्रॉइंग आहे." मग त्यांनी भाच्याच्या हाती कानस दिली. अर्ध्या तासाने गुण्यातून चांगली ठळक रेघ दिसली. भाच्याने ती पाहिली, ठोकळा फिरवला नि पुन्हा आवळला. कोणी सांगितले नव्हते. पाठ्यपुस्तकाचे एक पान उलटताना चार जांभया देणारा हा मुलगा! माझे मत तिथेच ठरले.

बहिणीला मात्र हे पुरेसे नव्हते. तिला पुढचे दरवाजे मोजून दाखवावे लागले. फिटरला दोन वर्षे लागतात. नंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. शिकावेसे वाटले तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणजे गल्ली बंद नाही; फक्त हमरस्त्याला वळसा घालून जाते.

मग मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण काढले. ते चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, असे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली नि यंत्रांच्या रेखांकनाची वाट धरली. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

"प्रत्येक फिटर काही किर्लोस्कर होत नाही," बहीण म्हणाली.

"आणि प्रत्येक बी.कॉम.?" मी विचारले.

ती बोलली नाही. मलाही जिंकल्यासारखे वाटले नाही. कारण मुलीकडच्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते आमच्यासारख्या घरांनीच द्यायचे आहे, नि अजून दिलेले नाही. बराच वेळ ती अर्जाचा कागद चाळत राहिली. शेवटी भाच्याकडे वळून म्हणाली, "युनिफॉर्म लागत असेल ना रे? दोन जोड शिवू. तेलाचे डाग एका दिवसात निघत नाहीत."