चारशे यार्डांची वाट

नकाशा काढा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवा. सापडली सॅन फ्रान्सिस्कोची खाडी? तिच्या पूर्वेकडच्या काठावर बर्कली नावाचं शहर आहे. पुढे खाडीचं पाणी आणि पाठीशी हिरवे डोंगर. आज आपण मनानेच तिथे फिरायला जाऊ या. तिकीट नको की पासपोर्ट नको!

सगळ्यात आधी दिसतो तो एक उंच मनोरा. १८६८ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं हे घंटाघर ३०७ फूट उंच आहे. त्यात एकदोन नव्हे, ६१ घंटा आहेत. जवळून एक ओढा वाहतो. त्याचं नाव स्ट्रॉबेरी क्रीक. काठावर निलगिरीची उंचच उंच झाडं आहेत.

आता मान वर करून डोंगराकडे पाहा. तिथे आहे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. १९३१ साली अर्नेस्ट लॉरेन्स या शास्त्रज्ञाने ती सुरू केली. दादाच्या किंवा ताईच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात मूलद्रव्यांचा तक्ता असेल, तो बघा. ९७ क्रमांकावर बर्केलियम आणि ९८ वर कॅलिफोर्नियम. नावं कुठून आली, ते सांगायला नको!

पण आज आपल्याला बघायची आहे ती वर प्रयोगशाळा आणि खाली विद्यापीठ, या दोहोंमधली वाट. अंतर अवघं ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर. या दोन ठिकाणचे संगणक तारेने जोडलेले होते. १९८६ सालच्या ऑक्टोबरात तिथे एक अजब प्रकार घडला. एरवी या वाटेवरून सेकंदाला ३२,००० बिट जात. तो वेग एकदम घसरला आणि सेकंदाला फक्त ४० बिटांवर आला! म्हणजे किती? सेकंदाला इंग्रजी पाच अक्षरं. दोन हजार अक्षरांचं एक पान पाठवायला जवळजवळ पावणेसात मिनिटं लागणार. कोणी कागद हातात घेऊन उतारावरून पळत सुटलं असतं, तर तेच आधी पोचलं असतं!

तार तुटली नव्हती. संगणक बिघडले नव्हते. मग झालं काय? झाली होती कोंडी!

इंटरनेटवर कुठलाही मजकूर अखंड जात नाही. त्याची छोटी छोटी पाकिटं करतात. पाकीट मिळालं की पलीकडचा संगणक पोचपावती पाठवतो. पावती आली नाही, तर पाकीट हरवलं असं समजून पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. इथपर्यंत ठीक. पण वाट भरून गेली, की पावत्यांनाही उशीर होतो. मग प्रत्येक संगणक तीच पाकिटं पुन्हा पुन्हा वाटेवर ढकलतो. गर्दी आणखी वाढते. जत्रेत चिंचोळ्या दारातून सगळ्यांनीच रेटारेटी केली, की कोणीच बाहेर पडत नाही ना, अगदी तसंच!

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९८८ साली जेकबसन यांनी त्याचं उत्तर जगापुढे मांडलं. नवी जाडजूड तार टाका, असं ते उत्तर नव्हतंच. ते होतं, पाठवणाऱ्याने शिस्त पाळावी! आधी एकच पाकीट पाठवायचं. पावती आली, तर दोन. मग चार, मग आठ. वाटेत पाकीट हरवलं, तर समजायचं की पुढे गर्दी आहे. लगेच वेग कमी करायचा आणि पुन्हा बेताबेताने वाढवायचा. हुकूम सोडणारा वर कोणी साहेब नाही. ज्याने त्याने आपलं आपण थांबायचं. या शिस्तीनेच इंटरनेट सावरलं. आजही त्याचा बराचसा कारभार याच तत्त्वावर चालतो, बरं का.

मग गोष्ट संपली? छे! खरी गंमत पुढेच आहे.

पुढे संगणकातली स्मृती स्वस्त झाली. वाटेवरच्या यंत्रांत, म्हणजे राउटरमध्ये, पाकिटांना थांबायला लांबलचक रांगेची सोय झाली. हेतू चांगला होता, एकही पाकीट हरवू नये! पण पाकीट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ताच लागत नाही. तो खुशाल पाठवत राहतो आणि रांग फुगत जाते. २०१० साली जिम गेटिस या अमेरिकी तज्ज्ञाला हा अनुभव आपल्या घरीच आला. मोठी फाइल पाठवायला लागलं, की घरातलं बाकी सगळं इंटरनेट रेंगाळायचं. या दुखण्याला त्यांनी नाव दिलं ‘बफरब्लोट’. बफर म्हणजे थांबायची जागा, आणि ती फुगली म्हणून ब्लोट.

रांग आखूडच ठेवायची, असं म्हणावं तर किती आखूड? कारण वेग कुठे एकसारखा असतो? एस.टी. घाटात शिरली की मोबाईलच्या काड्या गळतात. गावच्या यात्रेत हजारो लोक एकाच टॉवरवर येतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येतं. एकाच घरात सकाळी इंटरनेट धावतं आणि संध्याकाळी रांगतं.

हे कोडं सोडवायला आपल्याला बर्कलीहून खाडी ओलांडून पॅलो अल्टो गावी जायला हवं. व्हॅन जेकबसन तोवर तिथल्या ‘पार्क’ या संशोधन संस्थेत आले होते. २०१२ साली त्यांनी आणि कॅथलीन निकोल्स यांनी एक साधी युक्ती सांगितली. रांगेत किती जण उभे आहेत, ते मोजूच नका. प्रत्येकाला किती वेळ थांबावं लागलं, ते मोजा!

विचार करून बघा. रेशनच्या दुकानात दहा माणसं उभी आहेत. दुकानदार चटपटीत असेल, तर दहा मिनिटांत सगळे मोकळे. रेंगाळणारा असेल, तर तासभर गेला! माणसं तेवढीच, पण खरं काय ते घड्याळ सांगतं. वेग बदलला तरी घड्याळ फसत नाही. या युक्तीचं नाव ‘कोडेल’. पाकिटांचं थांबणं सेकंदाच्या हजार भागांतल्या ५ भागांच्या वर जाऊन तसंच टिकून राहिलं, तर राउटर एखादं पाकीट मुद्दाम टाकून देतो. पाठवणारा ओळखतो, “अरे, गर्दी झाली!” आणि वेग कमी करतो. टाकलेलं पाकीट तो नंतर पुन्हा पाठवतोच, तेव्हा काही गहाळ होत नाही.

काही राउटर तर प्रत्येकाची रांग वेगळी ठेवतात. मग कोणाचा भला मोठा सिनेमा उतरत असला, तरी दुसऱ्याचं दोन शब्दांचं बोलणं मागे अडकून पडत नाही.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतका खटाटोप कशाला, असं वाटतं का तुम्हांला? २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हाचं आठवा. एका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दोन बहिणी शिकत होत्या. एकीने व्हिडिओ पाठवायला घेतला, की दुसरीच्या वर्गातल्या बाईंचं तोंड हलायचं आणि शब्द मागून यायचे. कधी चित्रच गोठायचं. हातात असलेला गणिताचा धागा तिथेच तुटायचा. परगावी नोकरीला असलेल्या बाबांचा आवाज अर्ध्यात जाणं काय असतं, हेही तुमच्यापैकी कितीतरी जणांना ठाऊक असेल. दर वेळी दोष कमी वेगाचा नसतो. कित्येकदा तो फुगलेल्या रांगेचा असतो.

म्हणून पालकांनाही सांगा, जास्त वेगाचं महागडं कनेक्शन घेण्याआधी एक प्रयोग करून बघा. घरात कोणी मोठा व्हिडिओ पाठवत असताना दुसऱ्याने व्हिडिओ कॉल लावायचा. मग पाठवणं थांबवायचं. बोलणं लगेच सुधारलं, तर समजा रांग फुगली होती. राउटरमध्ये अशा रांगा सांभाळायची सोय असेल, तर ती सुरू करून घ्या. तिथे वेगाची मर्यादा आपल्या खऱ्या वेगापेक्षा जराशी कमी ठेवतात. मग रांग बाहेर कुठे न लागता आपल्याच राउटरमध्ये लागते आणि आटोक्यात राहते. वेग सारखा बदलत असेल, तर थांबण्याचा वेळ बघून ही मर्यादा आपोआप कमी-जास्त करणारे प्रोग्रामही निघाले आहेत.

आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर बर्कलीचा पहिला धडा आहेच. ताईची परीक्षा चालू आहे ना? मग तुमचा व्हिडिओ दहा मिनिटांनी पाठवा. तोही पोचेल आणि तिचा पेपरही!