मिठाला घाई नसते

लाटेचा एक तुषार मासेमारीच्या रीलवर पडतो. पाणी उन्हानं उडून जातं, मीठ मात्र सांध्यांत बसून राहतं. हवेतला दमटपणा शोषत ते स्प्रिंगला, बेअरिंगला, स्क्रूच्या माथ्याला सावकाश खात राहतं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले तर खारं पाणी दोघांमध्ये विजेचा बारीकसा व्यवहार सुरू करतं, आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झडू लागते. नदीकाठी वर्षानुवर्षं मुकाट चालणारं रील कोकणात लवकर कुरकुरायला लागतं ते यामुळं. म्हणून दुकानात मी हँडल गरगरा फिरवून बघत नाही. नवं असताना सगळीच रीलं सुरेख फिरतात. आत रबरी सील आहेत का, बेअरिंगं गंजणार नाहीत अशी आहेत का, हे विचारतो. दुकानदार कंटाळतो. कंटाळू दे.

त्याचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला मासा धरायचाय? मासा आपण ठरवत नाही हो. आपण ठरवतो ती उभं राहायची जागा, आणि सामान त्या जागेचं घ्यावं. अंजर्ल्याच्या पुळणीवर लाट दूरवर फुटते. तिच्या पलीकडं आमिष टाकायचं तर दहा-बारा फुटी रॉड हवा. तोच रॉड दाभोळच्या खाडीत तिवरांच्या फांद्यांत गुंतेल. तिथं सात फूट पुष्कळ, पण रॉड ताठ पाहिजे, कारण तांबोसा आमिष घेतो आणि त्याच झेपेत मुळांत शिरतो. त्याला एक हातही आत जाऊ दिलं की संपलं. आणि देवगडकडच्या कातळावर पाण्याखाली कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडांशी गाठ असते ती दोरीची.

दोरीचं प्रकरण मला फार आवडतं. नायलॉन जगासमोर आलं १९३८ साली. आज त्याचा तंगूस किनाऱ्यावरच्या कुठल्याही टपरीत मिळतो. तो ताणतो, हिसका पोटात घेतो, चुका माफ करतो. वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड, ताणतच नाही. पॉलिएथिलिनच्या तंतूंची ती वेणी इतकी बारीक, की त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा रीलवर कितीतरी जास्त मावते. लांब पाण्यात माशानं आमिषाला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. पण ताणलेली ब्रेड कालवाला घासली की खलास. म्हणून तिच्या पुढं जाड लीडर बांधायचा, नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणून विकतात. नायलॉनपेक्षा तो कमी दिसतो हे खरं, पण आमच्या गढूळ खाडीत कोण बघायला बसलंय? मी पैसे मोजतो ते त्याच्या टणकपणाचे.

आणि ड्रॅग. रीलच्या पोटातल्या या चकत्या दोरीला किती दाबून धरायचं ते ठरवतात. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग लावावा. वीस पौंडी दोरीला पाच-सहा पौंड. हे अंदाजानं नको, स्प्रिंगचा काटा अडकवून मोजावं. मोठा मासा धावला की रील किंचाळतं, दोरी सरसर जाते, आणि हात आपोआप ड्रॅग आवळायला सरसावतो. नेमकं तेच करायचं नाही. दोरी जाते तसा स्पूलचा घेर कमी होतो, आणि चकत्यांना बोटही न लावता ओढ वाढत जाते. शिवाय पाण्यात पसरलेल्या दोरीचा भार वेगळाच. पतंगाला ढील देणाऱ्याला हे लवकर कळतं.

आमच्याकडचे गरवणारे म्हातारे यातलं काहीच बाळगत नाहीत. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा तुकडा, गरी, बास. ड्रॅग त्यांच्या बोटांत असतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कुठल्या खडकामागं मासे आणतं आणि अष्टमीच्या भांगाला पाणी कुठं मंदावतं, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्या शेजारी माझा कार्बनचा रॉड जरा दिखाऊच वाटतो. तरी मला तो आवडतो.

घरी आल्यावर चहाच्या आधी रील. ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा. नळीची जोरदार धार मारू नये, ती मिठाला आणखी आत ढकलते. पुसून सावलीत वाळवायचं आणि ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर चकत्या दबून राहतात.

खिशात पैसे मोजकेच असतील तर रॉड मध्यम घ्या, आमिषांच्या रंगीत पेट्यांकडं बघूच नका, आणि उरलेलं सगळं रीलवर आणि दोरीवर घाला. त्यातलेही थोडे मागं ठेवून कातळावर न घसरणारे बूट आणि एक लाइफ जॅकेट घ्या.